पास्कूकाका आणि सात बावखलं

पत्रकाचा मजकूर हातात दिला, तरी पास्कूकाका लगेच कॉम्प्युटर चालू करायचे नाहीत. खुर्ची गर्रकन वळवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "स्वतः बघितलंस, की ऐकलंस?" ऐकलेलं असेल तर कागद परत. मग तुम्ही कोणीही असा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, विरारजवळच्या नंदाखालला घराच्या ओटीवर त्यांचं हे टायपिंगचं काम चालायचं. मुंबईतल्या एका कंपनीत ते जन्मभर टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर घेतला आणि लग्नपत्रिका, चर्चची पत्रकं, गावातली झाडं-पाणी वाचवणाऱ्या आमच्या समितीची पत्रकं असं सगळं करू लागले. मी शेजारच्या बोळिंजच्या फ्लॅटमधला, नुकताच कॉलेजातून सुटलेला. पत्रकात उद्गारचिन्हं किती घातली यावर आमची निष्ठा ठरायची.

काकांना जगातल्या सगळ्या विषयांवर मत होतं. वसईच्या किल्ल्याबद्दल म्हणायचे, "वेढा म्हणजे तलवार नाय रे, चिखल! भरती-ओहोटी ज्याला कळली, तो जिंकला." रशियात अडकलेल्या फ्रेंच बादशहाची तर त्यांना कीव यायची. "एक माणूस पुढे पाठवायचा होता, स्वेटर घालून. तो थंडी बघून आला असता." महाबळेश्वरला ते एकदाच गेले होते. "सगळ्या पॉइंटवर धुकं. आणि आमचे पाहुणे घरी येऊन सांगतात, काय दरी होती! त्यापेक्षा अर्नाळ्याच्या बंदरावर जा. जे आहे ते दिसतं." कॉम्प्युटरला मात्र ते हुशार म्हणायला तयार नव्हते. "आज्ञाधारक आहे फक्त. तू खोटं सांग, तेपण ठळक अक्षरांत छापेल."

त्या वर्षी रस्त्याकडेच्या एका बावखलात डबराचे ट्रक रिकामे होऊ लागले. बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. आजूबाजूच्या विहिरी आणि केळी त्याच्यावर जगतात. ते बुजवून तिथे इमारत उठणार होती. रविवारी ग्रामसभा होती आणि काम थांबवण्याचा ठराव आम्हाला हवा होता. शनिवारी मी मजकूर घेऊन गेलो. वर मोठा मथळा होता: 'सात बावखलं बुजवली! अजून किती?'

"सातही बघितलीस?"

"हो. परवा सगळीकडे फिरलो, रिक्षातून."

"रिक्षातून रिक्षावाल्याची पाठ दिसते. उद्या पहाटे ये, चालत जाऊ. सभेआधी छापून देतो."

"काका, पहाटे फिरायचं कधी आणि वाटायचं कधी? सरळ सांगा ना, बिल्डरला घाबरता म्हणून!"

काका उठले. कॉम्प्युटरवर कापडाचं कव्हर घातलं आणि आत गेले. मी विरारला दुसरीकडे पत्रक छापलं. वर समितीतल्या सगळ्यांना सांगितलं, म्हातारा फितूर झाला. गावभर झालं ते.

सभेत मी तावातावाने सातही ठिकाणं वाचून दाखवली. चौथ्या नावाला मागून एक म्हातारी उठली. "पोरा, माजं बावखल कदी बुजलं रे? सकालीच पानी काडलं मी त्यातून!" सभा खदखदून हसली. पाण्यावर हिरव्या वनस्पतीचा जाड थर आला होता आणि मला रिक्षातून ते भराव टाकलेलं मैदान वाटलं होतं. मग दुसरा उठला, तिसरा उठला. कोणीतरी ओरडलं, "बोळिंजवाल्यांना तळं दाखवा रे कोणीतरी!" ठराव पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेपर्यंत रस्त्याकडेच्या तळ्याच्या जागी सपाट जमीन होती.

त्या फजितीनंतर तोंड लपवत काकांकडे गेलो. ते चपला घालून तयारच बसले होते. छत्री घेतली आणि मला वाडीवाडीतून हिंडवलं. रस्त्याकडेचं धरून, बुजलेली किंवा बुजत असलेली निघाली दोन. दुसऱ्याच्या काठावर ते थांबले. "दोन कमी होती का रे तुला?" एवढंच बोलले. फितूर म्हटल्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही काढला. त्यानंतर आमची सगळी पत्रकं त्यांनीच केली, पण गावातले काहीजण त्यांच्याकडे बघताना डोळा बारीक करायचे. मला ते दिसायचं, आणि मी गप्प राहायचो. आम्ही चळवळवाले दुसऱ्यांना माफी मागायला लावण्यात पटाईत.

काही वर्षांनी काका गेले. शोकसभेचं पत्रक मी लिहिलं: 'युद्धशास्त्राचे अभ्यासक, निसर्गप्रेमी, संगणकतज्ज्ञ.' नतालमावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचून दाखवलं. डोळे पुसता पुसता त्या हसल्या. "हा कोण माणूस? तज्ज्ञ कशाला करतोस त्यांना मेल्यावर? मतं होती त्यांना, भरपूर. रोज जेवताना ऐकलीत मी." मी तिन्ही बिरुदं खोडली. कागदावर नाव आणि गाव उरलं.

शोकसभेत माझी पाळी आली तेव्हा मी लिहून नेलेलं भाषण वाचलं नाही. म्हटलं, "हा माणूस बिल्डरला घाबरला, असं गावात मी पसरवलं होतं. ते खोटं होतं. ते मला बावखलं बघायला सकाळी चालत घेऊन जाणार होते, मी गेलो नाही. रस्त्याकडेचं ते बावखल माझ्यामुळेही गेलं."

पहिल्या रांगेत नतालमावशींनी शेजारची खुर्ची हाताने पुसली आणि मला बसायला बोलावलं.