उजवीकडचे बॉक्स

आमचे हे मेडशीत लग्नाला, बारशाला साउंड लावतात. लग्न झालं तेव्हापासून मी त्यांना हेच काम करताना पाहते. पूर्वी पंगतीत जेवता जेवता त्यांचा हात थांबायचा आणि ते म्हणायचे, "मांगच्या बॉक्सची कॉइल गेली." खोलून पाहिलं की तसंच निघायचं.

आता मोठे डीजेवाले आले, यांना बोलावणं कमी झालं. अशात वाशिमजवळच्या मालेगावच्या एका दुकानदारानं नव्या घरात सिनेमा पाहायची खोली बांधली. चारी बाजूंनी आवाज आला पाहिजे म्हणाला. यांना ते काम फार हवं होतं. आधी घरीच सगळं जोडून पाहू म्हणाले.

लॅपटॉपला आवाजाचं एकच भोक असतं, म्हणून बाहेरून लावायचं साउंड कार्ड आणलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, मागे रंगीत भोकं. हिरव्यात पुढच्या बॉक्सची पिन, काळ्यात मागच्यांची, नारिंगीत मधल्याची आणि बासची. सुरुवातीला पुढचे दोनच वाजले. यांनी सेटिंगमध्ये जाऊन दोनच्या जागी पाच-एक, म्हणजे पाच बॉक्स आणि एक बास, निवडलं, तेव्हा मागूनही आवाज आला. मला हसू आलं. कोणी मागच्या दारानं घरात शिरल्यासारखं वाटलं.

मग हे मधोमध, पुढच्या बॉक्सकडे तोंड करून खुर्चीवर बसले. "अवं, ते टेस्ट दाब," म्हणाले. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण पडद्यावर बॉक्सची चित्रं होती. जो वाजेल त्याचं चित्र उजळायचं. आवाज बारीक ठेवला होता.

"उजवीकडचे दोनी बंद हायेत."

मला तर ते वाजलेले ऐकू आले होते. यांनी पिना काढून घातल्या, वायरी बदलल्या, सेटिंग पुन्हा केलं. मी दाबलं. सगळे वाजले.

"काहून येऊन नाही राह्यला आवाज?"

"वाजते ना जी."

"काय?"

"वाजते म्हटलं."

"तोंडातल्या तोंडात काय बोलतं व? जोरानं बोल ना! आन चौथी शिकली तू, मले साउंड शिकवतं?"

तोंडातल्या तोंडात बोलतं, हे ते वर्षभरापासून म्हणत होते. मला पदर तोंडाशी धरून हळू बोलायची सवय. मला वाटायचं, माझंच चुकतं.

मागच्या वायरी नीट दिसाव्यात म्हणून यांनी खुर्ची फिरवली आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून बसले. "दाब." मी दाबलं. आधी ज्यांना ते बंद म्हणत होते, त्याच बॉक्सकडे आता बोट दाखवून म्हणाले, "हे चालू झाले." आणि मघाशी वाजणारे डावीकडचे दोन बंद झाले म्हणाले.

वायरीला कोणी हात लावला नव्हता. फक्त खुर्ची फिरली होती.

यांनाही कळलं असावं. मग उठून त्या नव्यानं बंद झालेल्या एका बॉक्सच्या जाळीवर तळहात ठेवला. "दाब." मी दाबलं. त्या बॉक्सचं चित्र उजळलं, विझलं. पुढचा वाजला, बास वाजला, सगळं थांबलं, तरी यांचा हात तिथंच.

नंतर यांनी मालेगावला फोन लावला, डाव्या कानाला धरून. "कार्डच खराब निघालं भाऊ. तुमी दुसऱ्याकून करून घ्या." मी वायरी गुंडाळल्या. वाशिमला कानाच्या डॉक्टरला दाखवू म्हटलं, तर म्हणाले, "कार्डाले डॉक्टर काय करन?"

घरी आता मी त्यांच्या डाव्या बाजूला बसते. पदर खाली ठेवते, मोठ्यानं बोलते. परवा शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "आजकाल लय भांडतं व तू नवऱ्यासंग."

मी भांडत नव्हते. भाकर वाढू का, एवढंच विचारत होते. आणि हे माझ्या ओठांकडे पाहत होते.