खोबरेल तेलाचा वास

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं.

आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला आमच्या शेजारी एक निवृत्त बस-मेकॅनिक राहत. मुलाच्या रिमोटवरच्या शर्यतीच्या गाडीची देखभाल तेच करत. काढलेला प्रत्येक स्क्रू ते अंड्यांच्या खोक्यात क्रमाने ठेवत आणि काहीही बिघडलेलं असो, आधी म्हणत, "ग्रँड," म्हणजे तिकडच्या बोलीत 'छान, काही काळजी नाही'.

एकदा त्यांनी डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग, नीट करून दिला. मला तो कोरडा वाटला. घरी शिलाई मशीन कुरकुरलं की आम्ही खोबरेल घालायचो, तसं कुणाला न सांगता यातही घातलं. शर्यतीत मोटर नुसतीच घुमली, गाडी हलेना. मुलगा त्यांना नको तेवढं बोलला. मी शेजारीच उभा होतो.

त्यांनी दोन्ही चाकं घट्ट धरून मधला गिअर फिरवला. तो अडायला हवा होता, पण सहज घसरला; तेलाने आतली पकडच गेली होती. मग भाग उघडून त्यांनी वास घेतला आणि माझ्या चापून बसवलेल्या केसांकडे एकदाच पाहिलं.

"माझीच चूक," ते मुलाला म्हणाले. "स्क्रू सैल राहिला."

मुलाने पुन्हा गाडी त्यांच्याकडे दिली नाही. मुलासमोर माझी लाज मात्र त्यांनी राखली. मी इंग्रजीत एक वाक्य पाठ केलं. पण ते कुंपणापाशी दिसले की तोंडातून भलतंच निघायचं, "चहा घेणार?"

"ग्रँड, सर," ते म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. काल मुलाला सगळं सांगितलं. ते वाक्य अजून पाठ आहे: तेल मी घातलं होतं, मला माफ करा.