दीनानाथकाकांच्या घरातला माशाचा वास

आज गुरुवारची आरती पुन्हा दीनानाथकाकांकडे झाली, म्हणून जीव हलका आहे. मधले दोन आठवडे ती बंद होती. का बंद होती, ते आज सविस्तर लिहून ठेवते.

काका आमच्या गल्लीतच राहतात, लंडनच्या कडेला, पिनरला. मूळचे मालवणचे. आयुष्यभर बसच्या डेपोत फिटर होते, आता रिटायर्ड. सुमनकाकू गेल्यापासून घरात ते आणि बंड्या. बंड्या म्हणजे त्यांचा कुत्रा, बुटका, लांब कानांचा, कोणी आलं की आधी चपला हुंगणारा. काका दत्ताचे भक्त, त्यामुळे बंड्याचा मान मोठा. दत्ताच्या पायाशी श्वान असतो, तेव्हा नैवेद्याचं पहिलं पान बंड्याचं. शिरा झाला तर शिरा, एरवी साय घातलेला दूधभात. बंड्या हल्ली गोल झाला होता, आणि आम्ही सगळ्याजणी त्याचं कौतुकच करत होतो.

काकांनी मासे सोडलेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची नात दिया दिवस भरायच्या आत जन्मली, काचेच्या पेटीत होती. तेव्हा काकांनी देवीला सांगितलं, पोर घरी येऊ दे, मी मासा तोंडात घालणार नाही. मालवणच्या माणसाने असं बोलणं म्हणजे काय, ते मालवणच्या माणसालाच विचारा. दिया आता कार्डिफला युनिव्हर्सिटीत शिकते. शब्द अजून चालू आहे.

आणि अशा घरात, ऐन श्रावणात, आरतीच्या वेळी माशाचा वास यायला लागला. साधासुधा नाही, उन्हात विसरलेल्या बांगड्याचा. कापूर लावला की दबायचा, कापूर विझला की परत हजर. बायका एकमेकींकडे बघायच्या. काका खिडक्या उघडायचे, उदबत्त्या वाढवायचे, आणि त्यामुळे संशय आणखी घट्ट व्हायचा.

शेवटी नीनाने विचारलं. नीना आमच्यातली सगळ्यात धीट, तीच पेटी वाजवते. प्रसाद वाटताना ती हसत हसत म्हणाली, "काका, फिश अँड चिप्सच्या दुकानावरून जाताना पाय अडखळला वाटतं?"

काकांनी वाटी खाली ठेवली. "वास मलाही येतो, नीना. कुठून येतो ते मला कळत नाही. पण तुम्हाला माझ्या शब्दाची शंका असेल, तर दत्तासमोर बसून मी आरती कशी म्हणू?"

पुढच्या गुरुवारी त्यांचा फोन आला, आरती दुसरीकडे ठेवा. दुसरीकडे कोणीच ठेवली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मी डबा घेऊन गेले तर त्यांनी सगळं घर ब्लीचने धुतलं होतं. वास तसाच. बंड्या कार्पेटवर मागचं अंग टेकून स्वतःला फरफटत होता, मध्येच थांबून शेपटीखाली चाटत होता, आणि कोणी टोचल्यासारखा दचकून मागे बघत होता. काका म्हणाले, जंत असतील, गोळी दिली आहे. त्यांचं लक्षच नव्हतं.

शनिवारी दिया आली. मी तिथेच होते. तिने आजोबांची उतरलेली मान बघितली, सगळं ऐकून घेतलं, आणि बंड्या उठल्यावर त्याची उशी उचलून नाकाशी नेली.

"आजोबा, हा उशी स्मेल करा. वास किचनमध्ये नाही, बंड्याचा मागे आहे."

तिने तिथूनच व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, फोन लावला. दुपारी आम्ही तिघं बंड्याला घेऊन गेलो. व्हेट बाई तरुण, शांत. त्यांनी हातमोजा चढवला, बंड्याची शेपटी उचलली आणि सांगितलं की गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना छोट्या पिशव्या असतात. त्यातला स्राव शी करताना आपोआप बाहेर पडतो, पण शी घट्ट असेल तरच. सारखी मऊ झाली की पिशव्यांवर दाब येत नाही, त्या तुंबतात. मग कुत्रा बूड घासतो, चाटतो, बसायला कचरतो. बंड्याची डावी पिशवी लाल होऊन सुजली होती. आणखी थोडं थांबलो असतो तर पू होऊन फुटली असती.

त्यांनी कापूस धरून हलकेच दाबलं आणि अख्खी खोली बांगड्याने भरली. मी पदर नाकाला लावला. काका मात्र पुढे वाकले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला.

"हाच तो वास," ते म्हणाले, जणू हरवलेला नातेवाईक भेटला.

मग बाईंनी खाणं विचारलं. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि दियाने इंग्लिशमध्ये शिऱ्यातलं तूप समजावलं. बाई हसल्या नाहीत, तेवढं बरं. तूप, दूध, गोड बंद. वजन उतरवा, चालायला न्या, जेवणात थोडा उकडलेला लाल भोपळा घाला. घरी स्वतः दाबायला जाऊ नका, चुकलं तर इजा होते. पुन्हा घासायला लागला, सूज किंवा रक्त दिसलं, की सरळ घेऊन या. सुजेवर औषध दिलं आणि परत दाखवायला बोलावलं.

गाडीत बसल्या बसल्या काकांनी नीनाला फोन लावला. "नीना, मासा सापडला. बंड्याच्या शेपटीखाली होता."

पलीकडे नीना हसली का रडली, फोनवर कळेना.

आज ती सगळ्यांच्या आधी आली, पेटी घेऊन, आणि एक छोटा डबा. आरती झाल्यावर काकांनी सवयीने शिऱ्याचं पान बंड्यापुढे धरलं, तेव्हा तिने ते हातातून काढून घेतलं आणि डबा उघडला. उकडलेला भोपळा, मीठ नाही, तूप नाही.

काका म्हणाले, "दत्ताला चालेल?"

"दत्ताला काय, श्वानाला चालला म्हणजे झालं," नीना म्हणाली.

बंड्याने डबा चाटूनपुसून साफ केला आणि काकांच्या पायाशी नीट, दोन्ही कुल्ल्यांवर, न दचकता बसला. खोलीत फक्त कापराचा वास होता. शिऱ्याचं पान काकांनी स्वतः खाल्लं.