चिमाजीची रिओची वही

मी प्राथमिक शाळेतला मास्तर. चिंचवडात तीस वर्षं पोरांचे कान पिळले आणि आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. ते छापलं गेलं नाही, आणि खरं तर ते माझंही नाही. ब्राझील देशातल्या रिओ शहरात पहिल्यांदा जाणाऱ्या तरुण माणसानं काय करावं, काय टाळावं, याची ती वही. सांगणारा चिमाजी, गोठ्यातला गडी. वाचक एकच, त्याची बायको इंद्रायणी. हसू येतंय ना? मलाही आलं होतं.

चौपन्न सालची गोष्ट. आमच्या स्टेशनच्या अलीकडे मुंबईच्या एका शेठचा मोठा गोठा होता. काठेवाडातून गीर जातीचे वळू आणायचे, चार महिने इथे पोसायचे आणि बोटीनं ब्राझीलला धाडायचे, हा त्याचा धंदा. चिमाजी तिथे वैरणपाणी बघायचा. बुटका, मुखदुर्बळ माणूस. पण वळू कितीही माजलेला असो, यानं वशिंडावर हात ठेवला की तो मान खाली घालायचा. चाकणच्या बाजारात एखादं जनावर बिथरलं की व्यापारी याच्या नावानं ओरडत सुटायचे. त्या साली शेठ म्हणाला, "चिमाजी, या खेपेला बोटीवर तूच जायचं."

इंद्रायणीला तेव्हा खोकला लागलेला. बावीस वर्षांची पोर, माहेर पुनावळ्याचं. लहानपणी पवनेचा पूर दाखवताना तिचा बाप म्हणाला होता, समुद्र असाच असतो, फक्त पलीकडे काठ नसतो. ते तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. चिमाजीचा पाय घरातून निघत नव्हता, हिनंच त्याला लोटला. "जावा. पल्याड काठ न्हाई म्हंजी कसं, त्ये नीट बघून या आन मला सांगा. मी बरी झाले की मग दोघं जाऊ."

दोघं जाऊ! कुठे, तर रिओला. जणू चाकणच्या बाजारालाच जायचं होतं.

सात महिन्यांनी तो परतला तेव्हा ती क्षयाच्या दवाखान्यात खाटेवर होती. पिंपरीत तेव्हा पेनिसिलीनचा कारखाना उभा राहत होता. चिमाजीनं डॉक्टरांना विचारलं, त्यात हिचं औषध होईल का? डॉक्टर म्हणाले, ते औषध या रोगावर चालत नाही, दुसरी इंजेक्शनं देतोय, बघू. भेटायची परवानगी फक्त रविवारी, तासभर. आणि त्या तासात ती एकच विचारायची, रिओचं सांगा. ते काय तासात संपतंय? म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की हा माझ्या ओसरीवर हजर. "मास्तर, लिहून द्या. तिथली नर्सबाई रोज वाचून दाखवीन म्हणती."

मी शंभर पानी वही घेतली आणि लिहिलं, 'प्रवाशाने प्रथमतः आपल्या सामानाची निगा राखावी.' वाचून दाखवलं तर हा तोंड पाडून बसला.

"ह्ये शाळेचं झालं, मास्तर. तिला तिथं चालायचं हाय."

माझं डोकं फिरलं. माझ्या मराठीला नावं ठेवणारा हा कोण? पण पान फाडलं आणि तो बोलेल तसं उतरवायला लागलो. वही आज माझ्यासमोर आहे. तिसऱ्या पानापासून थोडं देतो.

'बंदराच्या बाहेर पडलीस की घाबरू नको. आपली भाषा तिथं कुणाला येत न्हाई. आपण हसायचं, त्ये बी हसत्यात. ट्राम उघडी असती, पदर खोचून दांडीला धरून बसायचं. कॉफी इवल्याशा कपात देत्यात, एका घोटात संपती. दुसरी मागायची लाज धरू नको. समुद्राच्या कडंनं फरशीचा रस्ता हाय, त्याच्यात काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा काढल्यात. पयल्यांदा पाय टाकला की भोवंडल्यागत हुतं, मग मजा वाटती. डाव्या हाताला डोंगर हाय, त्याच्यावर तारेला लोंबकळत पेटी जाती. त्यात तू बस, मी खाली उभा राहतो.'

इथे मी लेखणी थांबवून हसलो होतो. तोही हसला होता. पुढे ऐका.

'मग वाळू. लई तापती, तरी बी वहाणा काढून हातात घ्यायच्या. तिथल्या बाया कमी कापडात असत्यात, तिकडं बघायचं न्हाई. बघितलंच तर हसायचं न्हाई. आन एकट्यानं पाण्यात उतरायचं न्हाई. लाट माघारी जाताना पायाखालची वाळू वढून नेती. बरोबरच्याचा हात धरायचा, मगच पाय घालायचा.'

"ह्ये दोनदा लिवा," चिमाजी म्हणाला. मी दोनदा लिहिलं. रविवारी वही दवाखान्यात जायची, शनिवारी हा ती फाटकावर नर्सबाईकडून मागून आणायचा.

ते पान ऐकून इंद्रायणी खाटेवर उठून बसली म्हणे. "चारचौघात माझा हात धरणार तुमी? चिंचवडच्या पेठंत दहा पावलं म्होरं चालता!" त्यावर हा काय म्हणाला, तर तिथं आपल्याला कोण वळखतंय. हे मला सांगताना त्याचे कान लाल झाले होते. आमच्या गावात नवराबायको एका रेषेत चालले तरी लोक वळून बघत. ते दोघं मात्र प्रत्येक रविवारी हात धरून तापल्या वाळूत चालत होते, आणि मी, सबंध आयुष्य नकाशावर छडी आपटणारा मास्तर, त्यांच्यामागे चालत होतो. शनिवारची वाट बघायला लागलो होतो मी.

आणि मग मी माती खाल्ली.

आठव्या शनिवारी तो म्हणाला, "डोंगर उजव्या हाताला ठेवून..." मी लगेच पानं उलटली. "थांब. चौथ्या पानावर डोंगर डावीकडे आहे. नक्की कुठे? तू बघितलास की नाही?"

तो ओसरीच्या सारवणावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "न्हाई बघितला, मास्तर."

बावीस दिवस बोट रिओच्या बंदरात होती. बावीस दिवस हा बंदरातल्या पत्र्याच्या गोठ्यात. खेपेतल्या शंभू नावाच्या वळूनं प्रवासात हाय खाल्ली होती, तो याच्याशिवाय कुणाच्या हातचं तोंडाला लावेना. शेवटच्या दिवशी एक दिवसाची सुटी मिळाली. बोटीवरचा गोव्याचा स्वयंपाकी मिंगेल चिमाजीला ट्रामनं समुद्रावर न्यायला दारात उभा. नेमका त्या सकाळी शंभू बसला तो उठेना. चिमाजी राहिला. रोज संध्याकाळी मिंगेल शहर हिंडून यायचा आणि हा त्याला खोदून खोदून विचारायचा. वहीतलं सगळं मिंगेलचं. याचं स्वतःचं असं त्यात काही नव्हतं, पत्र्याच्या फटीतून दिसलेलं आभाळसुद्धा नाही.

मला राग आला. का आला, ते आज सांगता येत नाही. बहुतेक मी स्वतः ती वाळू तुडवत होतो, म्हणून. लेखणी टाकली आणि ओरडलो, "खोटं लिहायला बसवलंस मला? आधी जा आणि तिला खरं सांग. मरणाऱ्या माणसाला फसवतोस, लाज नाही वाटत?"

कप्पाळ माझं! तो शब्द तोंडातून निसटला. दवाखान्यात तोपर्यंत कुणीही तो त्याच्यासमोर उच्चारला नव्हता. चिमाजीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मास्तरांना सगळं ठाऊक असतं, तसं हेही ठाऊक असणार, अशा नजरेनं. मग टोपी घातली आणि निघून गेला.

रात्रभर मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्याच्याबरोबर मीही दवाखान्यात गेलो. माफी कुणाची मागायची, तेही ठरलं नव्हतं.

इंद्रायणी पार वाळली होती. डोळे तेवढे मोठे राहिले होते. मला बघून तिनं पदर सारखा केला. चिमाजी खाटेपाशी बसलाच नाही. टोपी हातात घेऊन उभ्या उभ्या म्हणाला, "अगं, रिओच्या वाळूवर मी गेलोच न्हाई."

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

तो खाटेच्या कडेवर टेकला.

"आल्या आल्या तुमी शंभूचं सांगितलं. सकाळी काय खाल्लं, दुपारी कुठल्या कुशीवर बसला, सांजच्याला कवा उठला. बावीस दिसांचं सगळं सांगितलं. मग वाळूवर गेला कवा?" तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबली, पाणी प्यायली. "आजारी जनावर टाकून समुद्रावर हिंडाया गेला असता, तर त्ये तुमी नव्हंच."

चिमाजी रडला. मोठ्यानं रडला, आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया बघत होत्या तरी. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. शरमेनं मेल्यासारखं झालं होतं.

"मास्तर," तिनं हाक मारली. "वही थांबवू नगा. आमी वाळूपातुर आलोय. पाण्यात पाय घालायचा राह्यलाय."

"पुढच्या रविवारी ते पान आणतो," मी म्हणालो. शपथेवर सांगतो, एवढ्या मनापासून मी कुणाला कधी काही कबूल केलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी लेखणी धुऊन, दौत भरून ओसरीवर बसलो होतो. चिमाजी आला तो आत नाही आला. दारातूनच म्हणाला, "मास्तर, आता लिवू नका. सकाळी गेली ती."

तिच्या गाठोड्यात दोन लुगडी, फणी आणि वही निघाली. वही त्यानं मला आणून दिली. त्याला वाचता येत नव्हतं.

दोन वर्षांनी शेठची पुन्हा खेप निघाली आणि पुन्हा चिमाजीचं नाव. त्याला जायचं नव्हतं, मीच मागे लागलो. "या वेळी जाच त्या समुद्रावर. तिच्यासाठी जा." खरं म्हणजे मला माझ्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं.

तो परत आला तेव्हा शनिवारच होता. ओसरीवर नेहमीच्या जागी बसला. केस पांढरे झाले होते. मला धीर धरवेना.

"गेलास?"

"गेलो. मिंगेलनं ट्रामनं नेलं. समदी जनावरं धडधाकट व्हती या टायमाला. डोंगर डाव्या हाताला हाय, मास्तर. चौथं पान बराबर व्हतं."

"आणि पलीकडचा काठ?"

"बोटीवरनं दिसला न्हाई, तसा वाळूवरनं बी न्हाई. पल्याड काठ न्हाई. तिचा बाप खरं सांगत व्हता."

"पाणी कसं होतं?"

"ठावं न्हाई. वहाणा काढून हातात घेतल्या, कडंपातुर गेलो. उभा राह्यलो लई वेळ. मिंगेल म्हणत व्हता, उतर, उतर. मग वळलो."

"अरे पण का?" मी ओरडलोच. माझा स्वभाव काही गेला नव्हता. "इतक्या लांब जाऊन पाय भिजवले नाहीस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या आठव्या शनिवारी बघितलं होतं, तसंच.

"एकट्यानं उतरायचं न्हाई," तो म्हणाला. "तुमीच लिवलंय की, मास्तर. दोनदा."