बैलजोडीचा ठसा

मी माथाडी. ओझ्याशिवाय कुणापुढे मान वाकवत नाही, पण तुर्भ्याच्या विजयमालाकाकूंपुढे वाकवतो. काकू सागवानावर जनावरं कोरतात. असा कोरलेला ठसा शाई लावून पोत्यावर मारला की मार्का उठतो. पोत्यावर व्यापाऱ्याचं नावही असतं, पण आमच्या बापांना कुठे वाचता येत होतं? ते हत्ती बघायचे, कोंबडा बघायचे आणि बरोबर त्या गाळ्यावर माल उतरवायचे. व्यापाऱ्याची अब्रू त्या जनावरात. गाढव मात्र आजवर कुणी मागितलं नाही. ओझी वाहणाऱ्याला कोण विचारतो!

धर्मराजशेठची हळद बैलजोडीची. बैलांच्या सणाला, बेंदराला, ते ठसा काकूंकडे आणायचे. काकू तो धुऊन द्यायच्या आणि शेठ लाकडी बैलांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचे. शेठ गेले आणि सयाजी, धनाजी ही दोन्ही पोरं वेगळी झाली. गाळे वाटले, गिऱ्हाइकं वाटली. घोडं अडलं ते जोडीवर. शेवटी ठसा घेऊन काकूंकडे आले.

"मधून कापा," धनाजी म्हणाला.

काकू भडकल्या. "बैलावर करवत चालवू? माझ्या हातनं न्हाई व्हायचं! एकेक बैल नवा कोरून देते. ह्यो ठसा हितंच ऱ्हाईल."

नवे मार्के निघाले. पण गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "जोडीची हळद बंद झाली काय?" दोघांचाही माल पडून राहू लागला.

बेंदूर आला. काकूंनी जुना ठसा धुऊन पाटावर मांडला. पोळीच्या आशेने मी तिथेच होतो. सयाजी डबा घेऊन आला, मागोमाग धनाजी. दोघेही दारातच थबकले.

"या की," काकू म्हणाल्या. "बैल उपाशी हाईत."

सयाजीने एका बैलापुढे पोळी ठेवली.

"त्याला नाही," धनाजी म्हणाला. "आबा आधी डाव्याला द्यायचे."

"मग हा डावाच आहे ना!"

"पोत्यावर तो उजवा येतो."

काकूंनी ठशाला शाई लावली आणि तो कोऱ्या पोत्यावर दाबला. बापाची जोडी उठली. दोघे भाऊ तिच्याकडे बघत बसले. सयाजीने पोळी उचलून दुसऱ्या बैलापुढे सरकवली. माझे डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू?

पुढच्या आठवड्यात पाठीवर पोतं घेतलं, त्यावर जोडी होती. मी ओरडलो, "कुठल्या गाळ्यावर टाकू?"

दोन्ही गाळ्यांतून एकदमच आवाज आला, "कुठंबी टाक!"