वीस कनेक्शन आणि तांड्याच्या डेगी

विजयकुमारला मी शिव्या देते, हे आमच्या अख्ख्या ऑफिसाला माहीत आहे. बाकीच्या बाया म्हणतात, "मिनाताई, तीन वर्षं झाली, सोडा की आता." काहून सोडू? त्या मेल्यानं देविदासचा गळा कापला आणि वर शाल पांघरून मिरवला. पण खरं सांगायचं तर शिव्या मी जरा जास्तच मोठ्यानं देते. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काय उगाच न्हाई.

देविदास नरसीच्या पुढं, डोंगराकडच्या तांड्यातला. बाप लवकर गेला. आई रूपाबाईनं दुसऱ्यांच्या हळदीत खुरपून त्याला शिकवलं. अठ्ठ्याण्णव साली तो हिंगोलीत कॉम्प्युटर क्लासला यायला लागला, एसटी चुकली तर सायकलवर. मशीन बिघडली की सरांच्या आधी ह्यालाच कळायचं काय झालं ते. पुढं तो आमच्या शिक्षण संस्थेत लागला, हंगामी. मी तिथं आधीपासून ऑपरेटर, मीही हंगामीच. मी हट्टा गावची, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून मला ताई म्हणायचा. दुपारी डबा उघडला की पहिली भाकर माझ्यापुढं सरकवायचा.

दोन हजार पाच साली संस्थेनं प्रवेश परीक्षेचा निकाल पहिल्यांदा इंटरनेटवर लावला आणि दहा मिनिटांत सगळं बसलं. वसमत, कळमनुरी, सेनगाव, सगळ्या नेट कॅफेंतून फोन. आमचे विभागप्रमुख विजयकुमार सर म्हणाले, मशीन जुनी आहे, नवी घ्या. त्यांना दुसरं काय येत होतं?

देविदास मात्र आठवडाभर कोड वाचत बसला. मग मला म्हणाला, "ताई, मशीनची चूक न्हाई. एक पोरगं निकाल पाहायला आलं की आपलं निकालाचं पान, निकाल साठवलेल्या डेटाबेसशी नवं कनेक्शन जोडून राहिलंय, आन काम झालं की तोडून टाकून राहिलंय. जोडण्यातच येळ चाललाय. शंभर जण एकदम आले की डेटाबेस म्हणतंय, आता जागा न्हाई."

"मग करायचं काय?"

"तांड्यावर डेगीचं करतात तसं."

त्यांच्या तांड्यावर लग्नाच्या मोठ्या डेगी सगळ्यांच्या मिळून असतात. तांड्याच्या पुढाऱ्याच्या, हिरासिंग नायकाच्या घरी ठेवलेल्या. ज्याच्या घरी लग्न, त्यानं न्यायच्या, रांधायचं, राखेनं घासायच्या आणि नायकाच्या ओट्यावर आणून पालथ्या घालायच्या. दर लग्नाला कुणी नवी डेग घडवीत न्हाई. देविदासनं सर्व्हर सुरू होतानाच वीस कनेक्शन जोडून ठेवली. जे पान येईल त्यानं एक घ्यायचं, काम करायचं, परत ठेवायचं. वीसच्या वीस बाहेर असली तर पुढच्यानं रांगेत थांबायचं.

"वीसच काहून? दोनशे ठेव की," मी म्हटलं.

"पापणी लवायच्या आत परत येतंय ताई. वीस बख्खळ झाली. दोनशे ठेवली तर त्यांना सांभाळता सांभाळताच डेटाबेस थकून जाईल."

त्यातच आणखी एक सोय होती. घेतलेलं कनेक्शन ठरलेल्या वेळात परत आलं न्हाई तर हिसकावून घ्यायचं. कॉम्प्युटरच्या पुस्तकात ते मीच त्याला दाखवलं. त्यानं ती सोय बंद ठेवली.

"डेग मागायला कोण जातं ताई? दारात मागायला गेलं म्हणजे त्या माणसाला चोर म्हटल्यासारखं व्हतं. आमच्यात मागायला जायचं नसतं."

मी हसले. "अरे येड्या, प्रोग्राम काय तुझ्या तांड्यातला माणूस आहे का?"

"लिहिणारा तर माणूसच हाय ना," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी निकालाच्या आधी आम्ही ऑफिसातल्या सगळ्या मशिनींवरून एकदम निकाल उघडून पाहिला. लोण्यासारखं चाललं. अध्यक्ष माणिकरावसाहेब स्वतः बघायला आले. म्हणाले, "यंदाचा निकाल बिनातक्रार लागू दे, देविदासला कायम करतो." कायम! त्या दिवशी तो मला म्हणाला, "ताई, आता आईला खुरपं खाली ठेवायला लावतो." क्लासपासून आठ वर्षं त्या पोरानं ह्याच एका शब्दासाठी घासली होती.

निकालाच्या आदल्या दिवशी त्यानं अर्धा दिवस रजा घेतली. बहिणीचं लग्न नुकतंच उरकलं होतं, डेगी घासून नायकाकडं पोचवायच्या होत्या. चार वाजता विजयकुमार सर माझ्या टेबलाशी आले. लोडशेडिंग होतं, इन्व्हर्टरवर फक्त माझी मशीन चालू.

"मिना, उठ जरा. साहेबांच्या शुभेच्छांचं पान टाकायचंय. फोटो, संदेश, खाली किती लोकांनी पाहिलं त्याचा आकडा."

पान त्यांनी कुठून तरी उचलून आणलं होतं. मी म्हटलं, देविदासला फोन लावू का? तर डाफरले, "विभागप्रमुख तो हाय का मी?" माझ्याच नावानं, माझ्याच पासवर्डनं ते पान त्यांनी चढवलं. दोनदा उघडून पाहिलं, साहेबांचा फोटो झकास दिसला. तो आकडा मोजायला ते पान एक कनेक्शन घेत होतं आणि परत ठेवतच न्हवतं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पान कुणी टाकलं हे मात्र मला पहिल्यापासून माहीत होतं.

सकाळी अकराला निकाल लागला. येईल त्याला आधी साहेबांचा फोटो दिसत होता. दोन कनेक्शन आदल्या दिवशीच गेली होती; अठरा जणांनी पाहिला आणि वीसच्या वीस गेली. सगळं ठप्प. देविदासनं सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, वीस जण आले, पुन्हा ठप्प. फोन थांबेनात. साहेब खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

विजयकुमार सर लगेच पुढं. "साहेब, मी पहिल्यापासून सांगत होतो, तांड्यावरच्या पोराच्या हाती एवढं देऊ नका म्हणून. वीस ठेवलेत यानं. हजारो लेकरं आन वीस!"

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या अंगाची आग झाली. पण तोंड उघडलं का मी? न्हाई. कायम करायच्या यादीत माझंही नाव होतं, आणि ती यादी सरांच्या खिशात.

देविदासच्या समोर सर्व्हरची नोंद उघडी होती. त्यानं ती वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. मग स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली.

"देविदास, तुझं काही म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

त्यानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

"न्हाई साहेब," तो म्हणाला.

दोन वाजता साईट चालू झाली. ते पान काढून देविदासनंच चालू केली. सांगितलं मात्र विजयकुमार सरांनी, आपण केली म्हणून. आठवड्यानं सत्कार झाला, शाल त्यांना. देविदासला साहेबांनी निकालाच्या दुसऱ्या दिवसापासूनच येऊ नको म्हटलं होतं. आणि त्या महिन्यात मी कायम झाले.

परवा देविदासचं लग्न झालं. तो आता औरंगाबादला एका कंपनीत हेच काम करतो. रूपाबाई स्वतः ऑफिसात पत्रिका घेऊन आली होती. "पोरी, यायला लागतंय बरं का. त्याची ताई तू." कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू?

तांड्यावर जेवणं उरकली होती. देविदास, नवरदेव असूनही, डेगीजवळ उभा होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "ती हिसकावून घ्यायची सोय चालू ठेवतोस का आता?"

"व्हय. साठ सेकंद. परत न्हाई आलं तर हिसकावतो."

मग मीच सुरू केलं, त्या विजयकुमारनं तुझं कसं वाटोळं केलं, मेल्याला किडे पडोत. त्यानं मला बोलू दिलं. मग हळूच म्हणाला, "ताई, त्या दिवशी नोंदीत पान टाकणाऱ्याचं नाव व्हतं. तुमचं."

"मी न्हाई रे टाकलं. सरांनी..."

"माहीत हाय. तुमाला ते येतच न्हाई. पण साहेबाला दाखवलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. म्हणून बंद केलं."

"मग मला विचारलं काहून न्हाई? तीन वर्षांत एकदा तरी?"

"मागायला कसा येऊ ताई?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुमी आणून द्याल."

हिंगोलीहून त्यांचा तांडा एसटीनं पाऊण तासावर आहे. दिवसाला चार बस आहेत. तीन वर्षांत त्यातली एकही मी धरली न्हवती.