टाकीवरचा हात

नवीन इंजिनाचे लाड असतात, हे आम्हाला ते ट्रकमध्ये बसवल्यावर कळलं. जुन्या इंजिनाला टाकीतून डिझेल आणणारी एक नळी पुरायची. मिळेल ते मुकाट खायचं बिचारं. नवं मात्र लागतं त्याहून जास्त ताटात वाढून घेतं आणि उरलेलं परत पाठवतं. त्या परतीच्या डिझेलसाठी टाकीपर्यंत दुसरी नळी हवी, आणि ती जोडायला टाकीला भोक हवं. आमच्याकडे जे काही झालं ते त्या एका भोकावरून.

ट्रक आमच्या ह्यांचा. सासरची शेती कात्रजच्या अलीकडे होती. शहर अंगावर आलं तशी दिरांनी ती बिल्डरला दिली, बंगले बांधले, पोरांना कॉम्प्युटर शिकवला. ह्यांनी ट्रक सोडला नाही. घाटापलीकडून विटा आणायच्या आणि जिथे काचेच्या इमारती उठत होत्या तिथे नेऊन टाकायच्या. दीर म्हणायचे, "आयटीवाल्यांच्या बसवर ड्रायव्हर हो, महिन्याला पगार तरी मिळंल." हे म्हणायचे, "माझी गाडी हाय की." विषय संपला. मी माहेरची बुधवार पेठेतली, माझ्या तोंडाला धार आहे असं सासरी सगळे मानतात, पण ह्यांच्या त्या 'हाय की'पुढे माझंही काही चालत नसे.

दसऱ्याला ट्रकची पूजा करायची आमची एक रीत होती. टाकी म्हणजे गाडीचं पोट, आणि पोटाला घरच्या बाईचा हात लागावा, म्हणून मी ओल्या कुंकवाचा पंजा टाकीवर उमटवायचे. एका दसऱ्याला आमची मुलगी हटूनच बसली, मला पण पाहिजे. चार वर्षांची होती. ह्यांनी तिला उचलून धरलं आणि तिने टाकीच्या वरच्या कोपऱ्यात हात दाबला, बोटं फाकवून. मग तोच हात माझ्या साडीला पुसला.

दिवाळी झाली आणि ती तापाने गेली. हे तेव्हा घाटात अडकले होते. पुढे टँकर उलटला होता, गाड्या हलत नव्हत्या, आणि फोन करायला घराघरात फोन कुठे होते? मी एकटी तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. हे आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे रडलेसुद्धा नाहीत. काही दिवसांनी पेंटरला बोलावलं आणि टाकीवरच्या त्या कुंकवाच्या पंजाभोवती रेघ ओढवून घेतली, आत लाल तेलरंग भरून घेतला. गाडी चालवताना उजव्या आरशात तो हात दिसायचा. पुढे गाडी कितीदा रंगवली, पण त्या कोपऱ्याला ब्रश लावू दिला नाही.

आता जुनं इंजिन पार थकलं, त्याचे पार्ट मिळेनात, म्हणून ह्यांनी एका अपघातातल्या गाडीचं जवळजवळ नवं इंजिन आणलं. गॅरेजच्या मिस्त्रींनी ते बसवलं, टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि डोकं खाजवलं. टाकीच्या एका बाजूला झाकण, मधे पट्टे, मागचा पत्रा गंजलेला. भोक पाडून नळी जोडण्याजोगी एकच जागा उरत होती, आणि ती त्या पंजाला लागून. नळी पत्र्याला झाळून जोडायची म्हणजे गॅसची ज्योत आली. रंग जळणार, हे सांगायला मिस्त्रींची गरज नव्हती.

पुतण्या म्हणाला, "काका, नवीन टँक घ्या ना, सिंपल आहे." त्याला सगळंच सिंपल असतं. पण मीही म्हटलं, "अहो, दुसरी टाकी बसवा. ही घरी आणून ठेवू, गॅलरीत राहील."

"घरी तू हायेस," हे म्हणाले. "तिला माझ्यासंगं राहू दे."

मला राग आला. माझ्याकडे तरी तिचं काय होतं? एक फ्रॉक होता, तोही सासूबाईंनी कुणाला तरी देऊन टाकलेला. पण हे रोज त्या घाटातून जायचे, जिथे अडकले म्हणून तिला शेवटचं बघता आलं नाही, आणि तिला बरोबर घेऊन जायचे. हे मला कळत होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि आमचं दोघांचं एकच जळत होतं.

मग ह्यांनी मिस्त्रींकडून जुगाड करून घेतलं. परतीची नळी टाकीत न नेता इंजिनाकडे डिझेल नेणाऱ्या नळीलाच जोडली. मिस्त्री नको नको म्हणत होते, "दादा, घाटात दगा देईल." हे ऐकतील तर शपथ. सपाटीला गाडी अशी पळाली की दोन दिवस ह्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. तिसऱ्या खेपेला विटा भरून घाट चढताना तेच गरम डिझेल हवेसकट फिरून फिरून इंजिनात आलं आणि इंजिन बंद पडलं. भरलेला ट्रक मागे सरकू लागला. ह्यांनी कसाबसा तो डोंगराच्या बाजूला टेकवला.

घरी आले ते पायरीवरच बसले. म्हणाले, "मागं स्कूटर व्हती. तिच्यावर पुढं पोरगी उभी व्हती, एवढीशी." मग म्हणाले, "टाकीला भोक पाडू."

डिझेलची वाफ राहू नये म्हणून टाकी उकळत्या पाण्याने धुतली. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, रंगावर ओलं पोतं दाबून धरलं तर वाचेल कदाचित. पण सारखं गार करत राहावं लागेल."

"मी धरते," मी म्हटलं. "मला सवय आहे."

बादली घेऊन मी टाकीजवळ बसले. पोतं ठेवायचं, तापलं की उचलायचं, पाण्यात बुडवायचं, पिळायचं, परत ठेवायचं. ज्योतीचा आवाज होत होता, पत्रा तापत होता, आणि पोतं बघता बघता गरम व्हायचं. तसंच, अगदी तसंच. माझे हात आपले आपण चालले होते. हे समोर उभे होते. ज्योतीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मिस्त्रींनी ज्योत बंद केली. नळी पक्की बसली होती. मी पोतं हळूच उचललं, तर सगळा लाल रंग पोत्याला चिकटून आला. टाकीवर नुसता पत्रा राहिला.

मग ह्यांनी विचारलं, "तवा अशीच बसली व्हतीस?"

"हो."

"सारखी बदलत व्हतीस?"

"हो."

हे तिथेच ऑइलने माखलेल्या जमिनीवर बसले आणि रडले. ती गेल्यावर पहिल्यांदा. माझ्या हातातलं पोतं ह्यांनी घेतलं, मला परत दिलं नाही. मलाही रडू आलं, पण त्यात थोडं बरंही वाटलं, हे खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी कशी बसले होते ते कुणालाच माहीत नव्हतं. आता ह्यांना माहीत झालं.

दुसऱ्या दिवशी विटा भरून गाडी घाट चढली, एकदाही अडली नाही. घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, की वळणावर सवयीनं आरशात बघितलं, तर नुसता पत्रा. ह्यांना घास जाणार नव्हता; वाढलेलं ताट मी तसंच झाकून ठेवलं.